एक्स्पंज झालेली केस एन-४०० फॉर्मवर दाखवायची का?

नवा_अर्जदार
ग्रीन कार्डला सहा वर्षं झाली, आता अमेरिकन नागरिकत्वासाठी एन-४०० भरायचाय. साडेचार वर्षांपूर्वीची शॉपलिफ्टिंगची एक केस आहे. गुन्हा कबूल केला, दंड आणि सहा महिने प्रोबेशन (कोर्टाची देखरेख) झालं, नंतर कोर्टाने रेकॉर्ड एक्स्पंज केलं, म्हणजे पुसून टाकलं. 'कधी अटक झाली होती का' ला 'नाही' लिहिलं तर चालेल?

उंबरठा
अजिबात नको. रेकॉर्ड सील वा एक्स्पंज झालं असलं तरी सांगा, असं फॉर्मच्या सूचनांमध्येच छापलंय. बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात, तिथे अटकेची नोंद बहुधा निघतेच. एक्स्पंज करणं हा राज्याचा मामला. इमिग्रेशन कायदा त्याला जुमानत नाही. तिथे गुन्ह्याची कबुली आणि सोबत कुठलीही शिक्षा, एवढ्यावर दोषसिद्धी धरतात. कबुली न देता डायव्हर्जन (खटल्याऐवजी सुधारणा कार्यक्रम) मिळालं असेल तरच गोष्ट वेगळी. शिवाय मुलाखत शपथेवर असते. जी केस माफ झाली असती, ती लपवली म्हणून अर्ज जायचा.

शिक्का_हवा
कोर्टाच्या शिक्क्याची डिस्पोझिशनची (अंतिम निकालाची) प्रत, दंड भरल्याची पावती, प्रोबेशन संपल्याचा कागद, एवढं जमवा. एक्स्पंजनंतर फाइल मिळेनाशी होते, म्हणून प्रती आधीच काढून ठेवायच्या असतात. आता नसतील तर 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' असं क्लार्कचं पत्र घ्या. आणि प्रतीवर कलम कोणतं आहे ते नीट बघा.

तीनशेचौसष्ट
खरा घोळ कलमातच आहे. चोरी सहसा नैतिक अधःपतनाचा गुन्हा धरतात. असा एकच गुन्हा, कायद्यात कमाल शिक्षा एक वर्षापर्यंत आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांच्या आत असेल, तर नागरिकत्वासाठीच्या चांगल्या चारित्र्याच्या अटीत क्षुल्लक गुन्ह्याची सवलत मिळते. पण हद्दपारीचं माप निराळं: ग्रीन कार्डवर प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांत गुन्हा घडला आणि कमाल शिक्षा एक वर्ष किंवा जास्त असू शकत असेल, तर एकाच गुन्ह्यावर हद्दपारी लागू शकते. ३६४ दिवस की ३६५, एवढ्यावर सगळं अडतं. कॅलिफोर्नियाने २०१५ पासून मिस्डिमिनरची (किरकोळ गुन्ह्याची) कमाल शिक्षा ३६४ दिवसांवर आणली, ती उगाच नाही.

नवा_अर्जदार
कलमात ३६५ आहे. गुन्ह्याला पाच वर्षं पूर्ण होऊ दिली तर?

तीनशेचौसष्ट
चांगल्या चारित्र्याची पाच वर्षं अर्जाच्या तारखेपासून मागे मोजतात आणि गुन्हा घडल्याची तारीख धरतात, निकालाची नव्हे. त्यामुळे तेवढ्यापुरतं थांबून फायदा आहे, तरी अधिकारी त्यामागचंही बघू शकतो. हद्दपारीचा धोका मात्र वर्षं सरली म्हणून जात नाही. एन-४०० टाकला की फाइल उघडते आणि नागरिकत्वाऐवजी इमिग्रेशन कोर्टाची नोटीस हाती येऊ शकते. आधी इमिग्रेशन आणि फौजदारी दोन्ही कळणारा वकील गाठा.

उंबरठा
वकिलाला हेही विचारा: कबुली देताना हद्दपारीबद्दल सांगितलं गेलं होतं का? पडिला विरुद्ध केंटकी (२०१०) नुसार ते सांगणं बचाव पक्षाच्या वकिलाचं काम आहे. त्या त्रुटीवर मूळ कोर्टाने दोषसिद्धीच रद्द केली तर इमिग्रेशनमध्ये ते धरतात. निव्वळ दया म्हणून रद्द केली तर नाही.