प्रतिसाद: टोटेम म्हणजे आपलं देवकच की!

वर कुणीतरी टोटेम म्हणजे पूजेचा कोरीव खांब असं लिहिलंय, ते पटलं नाही. मूळ शब्द उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांचा, आणि त्यात कुळाचं नातं अभिप्रेत आहे. खांब हैडा, ट्लिंगिट वगैरे पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांचे. ते सीडरच्या लाकडात कुळाची चिन्हं आणि कथा कोरतात, खांबाची पूजा करत नाहीत.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचं म्हणजे देवक, लग्नात पुजलं जाणारं कुळाचं चिन्ह. आमचं देवक कळंब, म्हणजे कदंबाचं झाड. गेल्या वैशाखात ठाण्यात बहिणीचं लग्न होतं. हॉलवाल्यांनी आंब्याच्या डहाळ्या तयार ठेवल्या होत्या, पण आई ऐकेना. शेवटी काका कळव्याहून कळंबाची डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले. आईबाबांनी ती पुजली, मुहूर्तमेढीला बांधली, तेव्हा कुठे हळद लागली. आमच्या घरात कळंबाचं लाकूड कधी जाळत नाहीत. एकाच देवकाची माणसं भाऊबंद, म्हणून त्यांच्यात सोयरीकही करत नाहीत. माझ्या मते देवकाचा खरा अर्थ या पाळणुकीत आहे.

तुमच्याकडे कोणतं देवक आहे? पंचपल्लव (पाच झाडांची पानं), मोरपीस? नक्की लिहा.