मदत हवी आहे: तीन टर्नची नोटीस नक्की कुठून मोजायची? (डॉमिनियन्स ५)

नमस्कार मंडळी,

सांगली, मिरज, तासगाव आणि कराड इथले आम्ही सहा जण मिळून डॉमिनियन्स ५ हा कॉम्प्युटरवरचा खेळ खेळतोय. रोज एक टर्न, म्हणजे खेळाची एक फेरी. खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो: प्रत्येकाकडे एक राष्ट्र आणि देवपदाचा एक दावेदार असतो. सगळे आपापले हुकूम लिहून पाठवतात आणि ते एकाच वेळी लागू होतात. समोरच्याची चाल बघून आपली ठरवायची सोय नाही. त्यामुळे शेजाऱ्याशी काय ठरलंय, यावर निम्मा खेळ उभा असतो.

माझ्याकडे उल्म आहे. चिलखती पायदळ भक्कम, लोहार पहिल्या दर्जाचे, पण जादूपुढे माझे शिपाई टिकत नाहीत. उत्तरेला एर्मोर, म्हणजे मेलेल्यांचं साम्राज्य. त्यांचा प्रभाव जिथे पसरतो तिथली वस्तीच मरत जाते. दक्षिणेला मॅरिन्योन, ते कराडच्या दादांकडे. दादा आमच्यात वयानं मोठे आणि खेळातही सगळ्यांत जुने. त्यांच्या पुरोहितांपुढे मुडदे उभे राहत नाहीत, म्हणून एर्मोरला अडवायला आम्हा दोघांना एकमेकांची गरज. सुरुवातीलाच ठरलं: एकमेकांवर हल्ला नाही, आणि करार मोडायचा तर तीन टर्नची नोटीस. बराच काळ छान चाललं. मी त्यांना स्वस्तात हत्यारं घडवून द्यायचो, ते मला रत्नं पाठवायचे.

आता आमच्या हद्दीवर एक सिंहासन आहे, अजून कुणाच्याच ताब्यात नाही. (अशा सिंहासनांवर दावा सांगूनच हा खेळ जिंकतात.) त्याच्या पलीकडे दादांचं सैन्य जमलंय. टर्न ४१ च्या हुकुमांबरोबर त्यांनी खेळातूनच निरोप पाठवला: करार संपवतोय, नोटीस समजावी.

अडचण इथे आहे. खेळातला निरोप पुढच्या टर्नला पोचतो. म्हणजे त्यांनी ४१ मध्ये लिहिला, मी वाचला ४२ मध्ये. दादा ४१, ४२, ४३ असे तीन टर्न धरतात आणि ४३ च्या हुकुमातच कूच करता येईल म्हणतात. टर्न ४४ उघडेल तेव्हा लढाई होऊन गेलेली असेल. मी ४२, ४३, ४४ हे तीन धरतो. माझ्या हिशेबानं हल्ल्याचा हुकूम ४५ मध्ये देता येतो, लढाई दिसेल ४६ ला. फरक दोन टर्नचा. माझं मुख्य सैन्य एर्मोरच्या तोंडावर उभं आहे आणि त्याला परत यायला तेवढाच वेळ लागतो, म्हणून हे दोन टर्न म्हणजे माझं राज्यच आहे.

दादा लबाडी करतायत असं मला अजिबात वाटत नाही. ते मनापासून तसंच मोजतात. म्हणूनच भांडण सुटत नाही.

ग्रुपमधला एक मित्र म्हणतो, एवढं मनावर काय घ्यायचं, दगा हा खेळाचाच भाग. दाखला देतो ॲलन कॅलहॅमर यांच्या डिप्लोमसीचा. १९५९ सालचा तो बोर्डगेम, सात सत्ता, हुकूम सगळ्यांचे एकदम, आणि दिलेला शब्द नियमानं कुणालाच बांधत नाही. बरोबर आहे. पण तिथे पटावर बसणाऱ्या सातही जणांना हे आधीपासून माहीत असतं. आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं की नोटिशीचा करार पाळायचा. मग त्याच भरवशावर मी सीमा मोकळी ठेवली. शब्दावर विसंबणं हीसुद्धा एक चाल आहे, आणि मला ती या खेळातली सगळ्यांत मोठी चाल वाटते.

दाखला द्यायचा तर आपल्या मातीतलाच देतो. १७३१ चा वारणेचा तह. साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज, सख्खे चुलतभाऊ, त्याआधी लढूनही झालेलं. त्या तहाची कलमं बघा. हद्द कुठली, तर वारणा आणि कृष्णा, सगळ्यांना दिसणारी. वडगावचं ठाणं पाडायचं. एकमेकांचे चाकर ठेवायचे नाहीत. एकाशी वैर करील त्याचं पारिपत्य दुसऱ्यानं करायचं. 'सलोख्यानं राहू' एवढ्यावर भागवलेलं नाही. जिथे पुढे वाद होणार, तिथेच बोट ठेवलंय. आमच्या करारात नेमकं तेच राहिलं.

तर विचारायचं हे: तुमच्या ग्रुपमध्ये नोटीस कशी मोजता? मालक नसलेलं सिंहासन घेणं हा करारभंग धरता का? आणि एर्मोर माथ्यावर असताना दादांना कसं थांबवू? होस्टनं, म्हणजे आमचा खेळ चालवणाऱ्यानं, टर्न ४२ ची मुदत वाढवून दिली आहे, पण फार दिवस नाही.

— संगमकाठ

माहुलीकर: साताऱ्यातल्या आमच्या ग्रुपात हाच वाद झाला होता. तेव्हापासून 'तीन टर्न' असं लिहायचंच नाही, आकडा लिहायचा. 'टर्न ४५ च्या आधी हल्ल्याचा हुकूम देणार नाही.' यात मोजण्यासारखं काही उरत नाही. आत्तापुरतं म्हणाल, तर निरोप वाचला त्या टर्नपासून मोजणं मला रास्त वाटतं. न पोचलेली नोटीस ही नोटीस कशी?

खिंडीतला पाऊस: मी दादांच्या बाजूनं बोलतो. ४१ ला लिहिलं तेव्हा त्यांनी सैन्य लपवलं नाही, आधी सांगितलं. हे बऱ्याच जणांकडून होत नाही. सिंहासनाबद्दल करारात शब्द नसेल तर ते मोकळं आहे, त्याला भंग म्हणू नका. उलट तेच देऊन टाका. तिथे दावा सांगायला त्यांना दावेदार, प्रेषित नाहीतर वरच्या दर्जाचा पुरोहित आणावा लागणार, आणि असे पुरोहित त्यांच्याकडे आहेत. तुम्हाला ते मिळवणं जड जाईल. बदल्यात उत्तरेला त्यांचे पुरोहित मागा.

माहुलीकर: हे पटलं. आणि प्रांतांची नावं लिहू नका, नकाशावरचे क्रमांक लिहा. 'नदीजवळचा प्रांत' म्हणून दोघं दोन वेगळे प्रांत धरून बसतात.

संगमकाठ: दोघांचे मनापासून आभार. काल रात्री दादांना फोन केला, खेळातल्या निरोपावर अवलंबून राहिलो नाही. सिंहासनाचा प्रांत आणि त्याला लागून असलेला एक प्रांत, दोन्ही क्रमांकानिशी त्यांना देऊ केले. बदल्यात नोटीस मागे, एर्मोरवर त्यांचे पुरोहित, आणि माझ्याकडून त्या पुरोहितांसाठी हत्यारं. दादा म्हणाले, "लिहून पाठव, बघतो. पण आकडे नीट घाल." मसुदा असा केलाय:

'हल्ला करायचा असल्यास हुकूम ज्या टर्नमध्ये देणार त्याचा आकडा कळवावा. तो आकडा, समोरच्यानं निरोप वाचला त्या टर्नपेक्षा किमान तीननं मोठा असावा. ठरलेल्या क्रमांकांच्या पलीकडे सैन्य नेऊ नये. हेर फिरले तर चालेल. एर्मोरशी वेगळा तह दोघांपैकी कुणीही करू नये.'

एका गोष्टीवर अजून अडलोय. दूरवरून टाकलेले मंत्र. प्रयोगशाळेत बसून दुसऱ्याच्या प्रांतावर ते सोडता येतात, आणि बरेचदा कुणी सोडले ते कळतच नाही. असे मंत्र करारात बंद करायचे, तर सिद्ध कसं करणार? आणि बंद नाही केले, तर एर्मोरनं सोडलेल्या मंत्राचा संशय आम्ही एकमेकांवर घेणार. याचं कलम कुणी लिहिलेलं असेल तर कृपया जसंच्या तसं इथे द्या. मसुदा आज रात्री पाठवायचा आहे.