नोकरी गोडीगुलाबीने सोडायची, पण एकाच बाजूने?

चुनाभट्टीची मी: काल इथे 'जुना एचआर' यांनी लिहिलं, "आजची पोरं पेपर टाकतात आणि त्याच दिवशी मनाने निघून जातात. नोटीसचे 90 दिवस नीट काढा, जग लहान आहे." ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते.

मी अंधेरी पूर्वेला एका कंपनीत अकाउंट्सला सहा वर्षं सात महिने होते. नोटीस पूर्ण भरली. माझ्या जागी आलेल्या मुलाला वही लिहून दिली: कुठला व्हेंडर एकच बिल दोनदा पाठवतो, जीएसटीचं रिटर्न कुठे अडतं, सगळं. शेवटच्या दिवशी साडेपाचला सिक्युरिटीवाल्याने कार्ड घेतलं आणि माझ्यासमोर ड्रॉवर उपसला. आत डबा, चमचा आणि संपलेला ट्रेनचा पास. साहेब केबिनमधून उठलेसुद्धा नाहीत. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, पाच महिन्यांनी. जग फक्त आमच्यासाठीच लहान आहे का?

जुना एचआर: ताई, तुमच्याबाबतीत झालं ते वाईटच. पण माझ्याकडचा पगाराची फाइल सांभाळणारा मुलगा 28 तारखेला व्हॉट्सअ‍ॅपवर राजीनामा टाकून गायब झाला. पगार लांबले. साफसफाईच्या मावशी घरभाड्याचं काय म्हणून माझ्या टेबलाशी उभ्या. राग मालकावर, भुर्दंड त्यांना!

डोंबिवली फास्ट: त्या मुलाने केलं ते चूकच. पण 90 दिवस कशाला? नवी कंपनी म्हणते महिन्यात या. माझ्या लेटरमध्ये कंपनीने मला काढायचं तर 30 दिवस, मी सोडायचं तर 90.

जुना एचआर: सही केलीत ना? मग पाळायचं.

डोंबिवली फास्ट: घरात लहान मूल, हातात दुसरी ऑफर नाही. सही न करून जातो कुठे? टेबलाच्या त्या बाजूला बसून हे बोलणं सोपं आहे.

शिवडी: नोटीसचं सोडा, खरा छळ पीएफचा. कंपनीने माझी नोकरी सोडल्याची तारीखच टाकली नाही. नव्या कंपनीकडे पीएफ ट्रान्सफर लटकलं.

आकडेमोड: शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले की ती तारीख पीएफच्या पोर्टलवर आपली आपण टाकता येते, आधारच्या ओटीपीने. शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, त्याच महिन्यातली तारीख टाका. नीट बघून, एकदा टाकली की पोर्टलवर बदलता येत नाही.

शिवडी: ते केलं हो. आता आधारवरचं नाव जुळत नाही, आणि जॉइंट डिक्लरेशनवर, म्हणजे दोघांच्या सहीच्या दुरुस्तीच्या अर्जावर, कंपनी सही देत नाही. तीन खेटे घातले.

आकडेमोड: युएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, 1 ऑक्टोबर 2017 नंतरचा आणि आधारशी पडताळलेला असेल तर नावाची दुरुस्ती कंपनीशिवाय होते.

शिवडी: माझा 2014 चा!

आकडेमोड: मग पीएफच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार टाका, कंपनीला पाठवलेल्या मेलच्या प्रती जोडून. तोंडी खेट्यांचा पुरावा राहत नाही.

जुना एचआर: प्रत्येक एचआर मुद्दाम अडवतो असं नाही. साहेब सही करत नाहीत आणि शिव्या आम्ही खातो.

चुनाभट्टीची मी: शिव्या नकोत, हिशोब द्या. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, माझ्या वेळी अशी होती: शेवटचं बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. शेवटचे महिने सहाच्या वर असले की पूर्ण वर्ष. म्हणजे माझी सात. कंपनीने सहाच धरली होती. मला कळलं कसं? वही दिली त्या मुलाने रात्री फोन केला, "ताई, शीटमध्ये सहा लिहिलंय, मेल करा." मी मेल केला, फरक मिळाला. चांगले संबंध त्याच्याशी होते, कंपनीशी नव्हे. वही मी त्याच्यासाठीच लिहिली होती.

जुना एचआर: माझ्या त्या मुलाने एक पान जरी लिहून ठेवलं असतं तर माझी तक्रार नव्हती. तुमचा ड्रॉवर उपसायला नको होता, हे मान्य. नोटीस मात्र भरायलाच हवी.

डोंबिवली फास्ट: आणि 30 विरुद्ध 90?

जुना एचआर: तशी लेटरं मीही काढली आहेत. दिवस दोन्हीकडे सारखे हवेत. एवढंच मानतो.