व्यसनमुक्ती उपचारांसाठी ग्रामपंचायतीला निधी खर्च करता येतो का?

प्रश्न – ग्रामपंचायत सदस्या, परभणी जिल्हा

आमच्या गावातील महिलांनी गेल्या वर्षभरात दारूच्या दुकानाविरुद्ध मोठी जागृती केली असून आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दुकान बंद करण्यासाठी, मतदान घ्यावे, अशी मागणीही पुढे आली आहे. परंतु दुकान बंद झाले तरी जे पुरुष आज दारूशिवाय उठू शकत नाहीत, त्यांच्या उपचारांचे काय, हा प्रश्न ग्रामसभेत एका बाईंनी विचारला आणि त्याला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. शहरातील खासगी केंद्रांचा महिन्याचा खर्च शेतमजूर कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. काही घरांनी त्यासाठी दागिने गहाण ठेवलेले मी स्वतः पाहिले आहेत. ग्रामपंचायतीला अशा रुग्णांवर पैसा खर्च करता येतो का, येत असेल तर कोणत्या शीर्षाखाली? रिकामे पडलेले समाजमंदिर वापरून गावातच छोटे केंद्र सुरू करावे, असाही एक विचार आहे. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – निवृत्त विस्तार अधिकारी (पंचायत)

ताई, कायद्याची अडचण आपण समजतो तेवढी मोठी नाही. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येणारे २९ विषय दिले आहेत आणि त्यांत आरोग्य व समाजकल्याण हे दोन्ही आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानाचे ६० टक्के पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेले होते, तर उरलेले ४० टक्के अबंधित असून या २९ विषयांतील स्थानिक गरजांसाठी वापरण्याची मुभा होती. पगार आणि आस्थापना खर्च मात्र त्यातून करता येत नव्हता. म्हणजे या निधीतून समुपदेशकाला महिन्याच्या पगारावर नेमण्याचा प्रस्ताव टिकला नसता. तपासणी शिबिराचा खर्च मात्र बसू शकला असता. पुढच्या आयोगाच्या अनुदानासाठी शासन निर्णयातील अटी ग्रामसेवकांकडून आधी वाचून घ्याव्यात.

याशिवाय ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठी १० टक्के रक्कम राखून ठेवायची असते. व्यसनी माणसाच्या पत्नीसाठी आणि मुलांसाठी समुपदेशनाची सोय केली, तर ती या शीर्षात मांडणे माझ्या मते पूर्णपणे योग्य आहे. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीकडेही थोडा अबंधित निधी असतो. तो मोठा नसला तरी रुग्णांच्या प्रवासासाठी उपयोगी पडावा. मात्र एखाद्या व्यक्तीची खासगी केंद्राची फी ग्रामपंचायतीने परस्पर भरू नये. लेखापरीक्षणात आक्षेप येतोच, शिवाय अमक्याला दिली आणि तमक्याला का नाही, यावरून गावात तेढ निर्माण होते. जे करायचे ते ग्रामसभेच्या ठरावाने आणि विकास आराखड्यात नोंद करूनच करावे.

उत्तर – समुपदेशक, व्यसनमुक्ती क्षेत्र

समाजमंदिरात केंद्र सुरू करण्याचा विचार कृपया सोडून द्यावा, अशी कळकळीची विनंती आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक विकारांचाही समावेश असल्याने, अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीपेक्षाही गंभीर बाब वैद्यकीय आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी थांबली, की पहिल्या काही दिवसांत हातपाय कापणे, फिट येणे, भास होणे, माणसे न ओळखणे असे त्रास होऊ शकतात आणि योग्य औषधे वेळेवर न मिळाल्यास रुग्ण दगावू शकतो. डॉक्टर, परिचारिका आणि औषधे नसलेल्या खोलीत माणसाला कोंडून ठेवणे म्हणजे उपचार नव्हेत.

गावाने पैसा लावावा तो रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचावा म्हणून, आणि परतल्यावर तो टिकून राहावा म्हणून. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणासारख्या संस्थांनी पाठपुराव्याला किती महत्त्व दिले आहे, हे या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. दाखल असण्याचा काळ काही आठवड्यांचा. खरी परीक्षा घरी परतल्यावर असते, कारण तेच मित्र, तोच रस्ता आणि हातात मजुरीचे पैसे असतात. गडचिरोलीत २०१६ पासून राज्य शासन, सर्च संस्था आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने चाललेल्या ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना आणि गावात शिबिर अशी जोडणी आहे. तुमच्या समाजमंदिराचा उपयोग याच पद्धतीने करावा: महिन्यातून एक दिवस डॉक्टर किंवा समुपदेशक यावेत आणि आठवड्यातून एकदा व्यसन सोडलेल्यांची बैठक व्हावी. त्यासाठी लागणारा खर्च लहान ग्रामपंचायतीलाही झेपण्यासारखा आहे.

उत्तर – माजी जिल्हा परिषद सदस्य

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत असूनही एक गोष्ट ठामपणे मांडतो. दारूवरील उत्पादन शुल्क राज्याच्या तिजोरीत जमा होते आणि तिच्यामुळे आजारी पडलेल्या माणसाच्या उपचारांसाठी वर्गणी काढायची गावाने, हे न्याय्य नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाले होते. एवढी मोठी तूट पंचायतीच्या किरकोळ निधीतून भरून निघणार नाही. त्यामुळे तुमच्या ठरावात गावचा खर्च जेवढा लिहाल, त्याहून ठळकपणे जिल्ह्याकडे मागणी नोंदवावी.

जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा जिल्हा नियोजन समितीपुढे येतो. या समितीतील किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून निवडावेत, अशी घटनेची तरतूद आहे. म्हणजे तुमच्या जिल्हा परिषद गटातून निवडून आलेल्या सदस्याला तिथे आवाज आहे. एका गावाचा ठराव फाइलीत राहतो, पण तालुक्यातील दहा-पंधरा गावांनी एकाच मजकुराचे ठराव केले तर तो विषय चर्चेला घ्यावाच लागतो. माझ्या काळात रस्त्यांसाठी आम्ही असेच करत असू. उपचारांसाठी कोणी केल्याचे मला आठवत नाही आणि त्याची खंत वाटते.

प्रश्नकर्त्या सदस्या

सर्वांचे मनःपूर्वक आभार. केंद्राचा विचार आम्ही बाजूला ठेवतो. शेजारच्या गावांच्या सरपंचांशी बोलणार आहे, परंतु ठरावात जिल्ह्याकडे नेमके काय मागावे?

समुपदेशक

ताई, मागणी मोजता येईल अशी असावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातील ठरलेल्या वारी यावे, दारू सोडतानाच्या त्रासावरची औषधे तिथे कायम उपलब्ध असावीत आणि गंभीर रुग्णासाठी जिल्हा रुग्णालयात खाट मिळावी, एवढे लिहा. ठरावाची प्रत जिल्हा शल्य चिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी या दोघांनाही द्या, कारण रुग्णालय एकाच्या अखत्यारीत येते आणि प्राथमिक आरोग्य केंद्र दुसऱ्याच्या. तोपर्यंत ज्यांच्या घरात आज अडचण आहे, त्यांना १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक द्यावा. त्यावरील फोन निःशुल्क आहे.