९० टक्के ब्लॉक आणि नुसत्या गोळ्या? (चर्चा)

खानापूरचा मास्तर: काल ग्रुपवर एकानं लिहिलं, "हृदयाच्या धमनीत ब्लॉकेज निघालं की स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) घालून मोकळं व्हायचं, गोळ्यांवर बसलेला माणूस मरणाची वाट बघतो." ते वाचून शेजारचे एकजण चालू गोळ्या सोडून ॲंजिओप्लास्टीला, म्हणजे स्टेंट घालायला, कर्ज काढायला निघाले, म्हणून सविस्तर लिहितोय. चढ चढताना छाती भरून येते, थांबलं की जाते, कित्येक महिने तेवढंच आहे, अशा रोग्याला गोळ्या हाच पुरा इलाज असू शकतो. २००७ च्या 'करेज' अभ्यासात २,२८७ रोगी होते. गोळ्यांवर स्टेंटची भर घालून मृत्यू किंवा ॲटॅक कमी झाले नाहीत. २०२० च्या 'इस्केमिया'त ५,१७९ रोगी, निष्कर्ष जवळपास तोच. मेटोप्रोलॉल ठोके कमी करून हृदयावरचा भार उतरवतं, ॲस्पिरिन गुठळी धरू देत नाही, अटोरव्हास्टॅटिन धमनीतला चरबीचा थर फुटू नये म्हणून. ॲटॅक पुष्कळदा लहान थर फुटूनच येतो. स्टेंट एका जागी बसतो, गोळी सगळ्या धमन्यांत पोचते.

निपाणीकर: ते मीच लिहिलो होतो, परत लिहीन. माझा थोरला भाऊ गोळ्यांवरच होता, तंबाखूच्या वखारीत कामाला. रात्री झोपेतून छाती धरून उठला, गॅस झाला म्हणून सोडा पिऊन पडला, सकाळी गेला. तुमचे आकडे माझ्या वहिनीला वाचून दाखवा.

खानापूरचा मास्तर: दादा, फार वाईट झालं. पण बसल्या जागी, झोपेत उठलेलं दुखणं वेगळं. तिथं स्टेंट जीव वाचवतो, मी कुठं नाही म्हटलं? अशा वेळी १०८ बोलवायची, लगेच ईसीजी काढायचा. आता कर्नाटकच्या पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेत तालुक्याच्या दवाखान्यातही गुठळी विरघळवायचं टेनेक्टेप्लेज इंजेक्शन फुकट देतात.

येळ्ळूरकर: झालं, कर्नाटक सरकारचं कौतुक सुरू! त्या दवाखान्यांतला बोर्ड तरी आपल्या म्हाताऱ्यांना वाचता येतो का? माझ्या बाबांच्या गोळ्यांच्या पाकिटावर सगळं कन्नडात लिहून दिलेलं. छातीत कळ आली की जिभेखाली धरायची सॉर्बिट्रेट गोळी ते पाण्याबरोबर गिळत होते!

टिळकवाडीची सिस्टर: कन्नड रोगीपण गिळतात हो. वॉर्डात रोज बघते. कुणीच सांगत नाही, हा रोग भाषेचा नाही. जिभेखाली विरघळली की थेट रक्तात जाते, गिळली की बरीचशी यकृतातच मोडते. आणि बसून घ्यायची, बीपी उतरून माणूस पडतो.

येळ्ळूरकर: सिस्टर, तुम्ही पगार कुणाचा घेता ते कळलं. २०२३ ला महाराष्ट्रानं मोफत उपचारांची महात्मा फुले योजना कर्नाटकातल्या ८६५ मराठी सीमागावांना लागू केली, तेव्हा विरोध कुणी केला? आमचा रोगी कोल्हापूर-मिरजेला नेताना वाटेत किती हाल होतात, ते बघितलंय मी.

टिळकवाडीची सिस्टर: पगारावर जायचं काम नाही. माझं माहेर बेळगुंदीचं, सीमाप्रश्नाच्या मोर्चात वडिलांनी लाठी खाल्लेली. मराठीत चिठ्ठी मिळालीच पाहिजे, मीही मागते. पण छातीत कळ आलेल्याला आधी जवळच्या दवाखान्यात न्या, राज्य नंतर बघा. आणि अजून एक, लाजेनं कुणी सांगत नाही: व्हायग्रासारखी गोळी घेतलेल्यानं सॉर्बिट्रेट घेतली तर बीपी जीवघेणं उतरतं. बायकोसमोर नको असेल तर डॉक्टरांना एकट्यानं सांगा.

येळ्ळूरकर: जवळच्या दवाखान्याचं पटलं. बाकी एक अक्षर नाही.

निपाणीकर: मूळ विषय बाजूलाच राहिला. मास्तर, 'इस्केमिया'त डाव्या मुख्य धमनीत ब्लॉक असलेले घेतलेच नव्हते, हे का लिहिला नाहीत? हृदयाचं पंपिंग (रक्त ढकलायची ताकद) फार कमी असलेलेही नव्हते. आणि दुखणं स्टेंटनं जास्त कमी झालं, हेही त्यातच आहे.

खानापूरचा मास्तर: बरोबर आहे. त्या रोग्यांना माझं म्हणणं लागू नाही. भरपूर गोळ्या घेऊनही दुखणं जगू देत नसेल तर स्टेंट घालावाच. फक्त रिपोर्टवरचा टक्का बघून घाबरून घालू नये. २०१७ ला स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली, तरी आपल्या माणसाला तो खर्च झेपत नाही.

निपाणीकर: स्थिर दुखण्यापुरतं तुमचं धरू. पण पूर्वी चढावर यायचं ते आता अंगणातच यायला लागलं, तर गोळ्या वाढवत घरी बसू नये, एवढं तुम्हीच लिहा. माझ्या भावाचं आधी तसंच झालं होतं.

खानापूरचा मास्तर: लिहितो. वाढत चाललेलं दुखणं स्थिर नव्हेच, त्याच दिवशी दाखवायचं. आणि मेटोप्रोलॉल कुणीही मनानं बंद करू नका. एकदम सोडलं की दुखणं उसळतं, ॲटॅकही येऊ शकतो.