चेक वटला नाही, खटला कुणाच्या गावी? घेणाऱ्याच्या की देणाऱ्याच्या?

निफाडची_बाग
आमच्याकडे द्राक्षाचा सौदा बागेतच होतो. बाहेरचा व्यापारी येतो, मणी तोंडात टाकून गोडी बघतो, विसार देतो, दोन-तीन दिवसांत माल काढून गाडी भरतो आणि उरलेल्या रकमेचा पुढच्या तारखेचा चेक देऊन जातो. गाडी सिलिगुडीला पोचेपर्यंत त्याचा फोन लागतो, नंतर लागत नाही.

२०१४ च्या हंगामात माझ्या शेजाऱ्याचा ३ लाख ४० हजारांचा चेक ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ असा शेरा घेऊन परत आला. त्याने नोटीस दिली, १५ दिवस वाट पाहिली आणि निफाडच्या कोर्टात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली (चेक न वटण्याचा गुन्हा) केस टाकली. १ ऑगस्ट २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा दशरथ रूपसिंग राठोड निकाल आला: ज्या शाखेवर चेक काढलाय, ती ज्या हद्दीत असेल तिथलंच कोर्ट. फिर्याद परत हातात आली, ३० दिवसांत तिकडे दाखल करा म्हणून. ऐन छाटणीच्या तोंडावर सिलिगुडीला जाऊन वकील कोण शोधणार? कागद कपाटात गेले, पैसे बुडाले.

२०१५ मध्ये कायदाच बदलला. आता चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत, तिथलं कोर्ट. माझं म्हणणं सरळ आहे, हा बदल योग्य होता आणि त्याला कुणी हात लावू नये. ‘चेक देणाऱ्याला लांब ओढतात हो’ हे रडगाणं अलीकडे पुन्हा ऐकू येतंय. सही करताना पेन कुणाच्या हातात होतं?

इचलकरंजीचा_माग
रडगाणं म्हणालात, तर आता पूर्ण ऐका. मागांसाठी एका फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं. कागदपत्रं इचलकरंजीत झाली, पैसे इथल्या खात्यात आले, माग इथेच खडखडतायत. सह्या केलेले कोरे चेक ‘सिक्युरिटी’ म्हणून ठेवून घेतले. मंदीत हप्ते थकले, ते मी नाकारत नाही. पण मधे जे भरले ते वजा न करता कंपनीने आपल्या हिशोबाने आकडा टाकला आणि चेक लावला दिल्लीतल्या खात्याला. समन्स दिल्लीचं.

एक तारीख म्हणजे जायचं-यायचं भाडं, लॉज, तिथल्या वकिलाची फी आणि इकडे माग बंद. एवढं करून गेलं की कळतं, साहेब रजेवर. माझा सगळा वाद आकड्याचा आहे, आणि तो सांगायला मला देश ओलांडावा लागतो.

गुन्हा जिथे घडला तिथे खटला, हा फौजदारीचा जुना नियम. चेकच्या बाबतीत त्याच कायद्याच्या कलम १३९ ने गृहीतक आधीच आमच्याविरुद्ध ठेवलंय, म्हणजे एवढं देणं नव्हतं हे मीच दाखवून द्यायचं. त्यावर कोर्टही फिर्यादीच्या सोयीचं! पेन माझ्या हातात होतं हे खरं. आकडा कुणाच्या हाताने पडला तेही विचारा.

काळा_कोट
दोघेही २०१४ पासून सुरुवात करताय, पण दुखणं १९९९ चं आहे. भास्करन निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की या गुन्ह्याचे पाच टप्पे आहेत: चेक देणं, तो बँकेत टाकणं, बँकेने तो परत करणं, नोटीस पाठवणं आणि १५ दिवसांत पैसे न देणं. यातला कुठलाही टप्पा जिथे घडला तिथलं कोर्ट चालेल. झालं! काही कंपन्यांनी नोटिसा सोयीच्या शहरातून धाडायला सुरुवात केली आणि त्याच शहरात केसेस लावल्या. शेवटी २००८ मध्ये हरमन इलेक्ट्रॉनिक्स निकालात सांगावं लागलं की नुसती नोटीस पाठवल्याने हद्द मिळत नाही.

राठोड निकाल या छळाला उत्तर म्हणून आला. तर्क म्हणून तो मला आजही पटतो. बँकेने चेक नाकारला तिथेच गुन्हा पूर्ण झाला, नोटीस वगैरे फक्त खटला भरण्याच्या अटी. इचलकरंजीकर म्हणतायत तो नियम (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७७, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १९७) तिथे तंतोतंत लागू केला. फक्त त्याची किंमत निफाडच्या माणसाने मोजली.

मग १५ जून २०१५ चा अध्यादेश आला, त्याचा पुढे कायदा झाला आणि चेकच्या कायद्यातल्या कलम १४२ ला दुसरं पोटकलम जोडलं गेलं. चेक खात्यातून वसुलीला टाकला असेल तर घेणाऱ्याच्या खात्याची शाखा. बेअरर चेक थेट काउंटरवर नेला असेल तर देणाऱ्याच्या खात्याची शाखा. चेक कुठल्याही शाखेत टाका, तो मूळ शाखेतच टाकला असं धरलं जातं. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे असंच प्रकरण होतं. चेक टाकला मुंबईच्या शाखेत, खातं मंगळूरला. कोर्ट मंगळूरचंच, असा निकाल झाला. आता क्लिअरिंगमध्ये चेकचं फक्त चित्र पुढे जातं, कागद जिथे टाकला तिथेच राहतो. तेव्हा ‘कुठे टाकला’ यावर हद्द ठरवण्यात तसाही अर्थ उरलेला नाही.

मी दोन्ही बाजूंनी केसेस चालवतो. आजची तरतूद वाईट नाही, निदान पाच दारं बंद होऊन एक राहिलं.

इचलकरंजीचा_माग
एक दार, पण ते कुठल्या भिंतीत बसवायचं हे कंपनी ठरवते ना वकीलसाहेब? शेतकऱ्याचं खातं त्याच्या गावात असतं कारण तो तिथे राहतो. कंपनी खातं कुठेही उघडू शकते. कर्ज इचलकरंजीत देऊन वसुलीचं खातं दिल्लीत ठेवायला कायद्याने कुठे मनाई केलीय?

माहेरवाशीण
चेकमधलं मला फार कळत नाही, पण ‘गुन्हा घडला तिथेच खटला’ हा नियम इतका पवित्र मानू नका. सासरच्या छळाच्या केसेसमध्ये हेच ऐकवायचे. मारहाण लातूरला झाली ना, मग पुण्याला माहेरी येऊन तक्रार कशी करता? म्हणजे जिथून जीव वाचवून आलो तिथेच तारखांना जायचं, त्याच लोकांसमोरून. एप्रिल २०१९ मध्ये रूपाली देवी निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की माहेरी आल्यावरही तो मानसिक त्रास सोबत येतो, म्हणून माहेरच्या गावातलं कोर्टही खटला चालवू शकतं. परिणाम जिथे भोगला जातो ती जागाही गुन्ह्याचीच जागा. द्राक्षवाल्याचं नुकसान निफाडलाच झालं की.

इचलकरंजीचा_माग
ताई, तुमच्या उदाहरणाला माझा विरोधच नाही. पण तिथे दुबळा फिर्यादी आहे. माझ्या प्रकरणात फिर्यादी कोण आहे बघा. त्यांचा पगारी माणूस शपथपत्र घेऊन कोर्टात उभा राहतो, आणि एका दिवसात अशा कितीतरी फाइली उरकतो. कायदा बाग आणि फायनान्स कंपनी यांना एकाच दावणीला बांधतो, माझी तक्रार तिथे आहे.

काळा_कोट
तुम्हाला उपाय आहेत. हजेरीमाफीचा अर्ज करता येतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने व्हिडिओवरून कामकाज चालवायला जागा दिलीय. आरोपी हद्दीबाहेर राहत असेल तर समन्स काढण्याआधी मॅजिस्ट्रेटने चौकशी करणं बंधनकारक आहे, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हे चेकच्या केसेसनाही लागू केलं. आणि केस बदलून मागता येते. २०२३ च्या योगेश उपाध्याय प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नागपूरच्या चेक केसेस दिल्लीला वर्ग केल्या, तिथे त्याच व्यवहारातल्या बाकीच्या केसेस चालू होत्या म्हणून.

इचलकरंजीचा_माग
एका राज्यातून दुसऱ्या राज्यात केस बदलायचा अधिकार फक्त सुप्रीम कोर्टाला. म्हणजे दिल्लीला जायला लागू नये म्हणून आधी दिल्लीला जायचं! आणि त्या चौकशीचं काय होतं तेही लिहा की. साक्षीदाराचं शपथपत्र पुरतं असं त्याच घटनापीठाने म्हटलंय. प्रत्यक्षात तो एक ठसा झालाय.

काळा_कोट
ठसा झालाय, नाकारत नाही.

सरळमार्गी
चेक घेऊच नका. आरटीजीएस झाल्याशिवाय गाडी हलवू देऊ नका. विषय संपला.

निफाडची_बाग
बाग तयार झाली, वर ढग आलेत आणि गारपिटीचा अंदाज आहे, अशा वेळी आरटीजीएसची वाट बघून दाखवा.

निवृत्त_बेंच_क्लार्क
नोकरीभर हेच काम केलं, म्हणून बागवाल्यांना एक कटू गोष्ट सांगतो. केस तुमच्या गावात चालली म्हणजे जिंकलात असं समजू नका. समन्स निघतं, पोच येत नाही. जामीनपात्र वॉरंट निघतं, मग अजामीनपात्र. ते बजावायला जातं कुणाकडे? आरोपीच्या गावच्या पोलीस ठाण्याकडे. तिथे या कागदाला कोण विचारतंय? आला तर परत येतो, ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन. शेरा कॉपी करून ठेवलाय की काय असं वाटावं इतका तोच. रोजनाम्यावर ‘आरोपी गैरहजर, वॉरंट पुन्हा जारी’ असं लिहून लिहून माझी बोटं दुखली. शिक्षा झाली तरी भरपाईच्या वसुलीचं वॉरंट पुन्हा त्याच्याच जिल्ह्यात जायचं, कारण मालमत्ता तिकडे.

२०१९ अखेर देशातल्या २ कोटी ३१ लाख प्रलंबित फौजदारी खटल्यांपैकी ३५ लाख १६ हजार निव्वळ चेकचे होते. बहुतेकांच्या अंगावर समन्स न बजावल्याची धूळ आहे, हे माझं मत. हद्दीवरून भांडताना हा हिशोब कुणी करत नाही. माझ्या मते देणाऱ्याच्या गावी केस लावणारा फिर्यादी प्रवासात झिजतो खरा, पण तिथला आरोपी निदान सापडतो. राठोड निकाल इतका वाईट नव्हता.

निफाडची_बाग
सापडतो, पण त्याच्या गावात त्याचा वकील, त्याचे ओळखीचे, त्याचा तालुका. मी तिथे परका, भाषाही येत नाही. मला तिथली प्रत्येक तारीख ‘तडजोड करून टाका’ हेच शिकवणार, आणि मी ३ लाख ४० हजारांचे लाखभर घेऊन परत येणार. इथे खटला असेल तर निदान वॉरंटची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर राहते, पुढच्या हंगामात माल घ्यायला पुन्हा याच तालुक्यात यायचंय ना त्याला? आणि बजावणीसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये गोव्याच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की समन्स फिर्यादीच्या हातीही द्यावं, ई-मेल आणि व्हॉट्सॲपवरही पाठवावं.

निवृत्त_बेंच_क्लार्क
समन्स व्हॉट्सॲपने जाईल हो. अटक व्हॉट्सॲपने होत नाही.

नवखा_व्यापारी
मधेच विचारतो. एकाच माणसाचे दोन चेक आहेत, एक मी नाशिकच्या खात्यात टाकला, दुसरा पिंपळगावच्या. दोन कोर्टं की एक?

काळा_कोट
कलम १४२-अ वाचा. त्याच चेक देणाऱ्यावर पहिली फिर्याद योग्य कोर्टात लागली की पुढच्या सगळ्या तिथेच, दुसरा चेक कुठेही टाकलेला असला तरी. तेव्हा पहिली कुठे टाकायची हे नीट ठरवा, आणि मुदत चुकवू नका. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर त्याला १५ दिवस, ते उलटले की एका महिन्यात फिर्याद.

इचलकरंजीचा_माग
माझी मागणी शेवटची एकदा लिहितो, म्हणजे बाग आणि माग एकमेकांचे वैरी ठरायचे नाहीत. शेतकरी, छोटा दुकानदार, मजूर यांच्यासाठी २०१५ चा नियम जसाच्या तसा ठेवा. पण कर्ज देण्याचा धंदा करणाऱ्यांना, ज्या शाखेतून कर्ज मंजूर झालं त्या हद्दीतच केस लावायला सांगा. त्यांची शाखा तिथे आहेच की.

निफाडची_बाग
कर्जवाल्यांपुरतं म्हणत असाल तर चालेल. पण त्याचा मसुदा करताना ‘व्यावसायिक’ असला शब्द घालू नका. उद्या आमची शेतकरी उत्पादक कंपनीही त्यात अडकेल आणि पुन्हा सिलिगुडी.