लाइट गेली की फायरवॉल अडतो – प्रॉक्समॉक्सवर पीएफसेन्स, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत मामांचं मशीन शॉप आहे, तिथलं नेटवर्क मी बघतो. एका जुन्या पीसीवर प्रॉक्समॉक्स (एका पीसीत आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर), त्यातल्या व्हीएममध्ये पीएफसेन्स हा फायरवॉल. लॅन (आतलं नेटवर्क) व्हर्टआयओ या आभासी कार्डावर, ते पीएफसेन्समध्ये व्हीटीनेट० नावानं दिसतं. पीसीत एकच लॅन पोर्ट, म्हणून वॅनला (बाहेरच्या इंटरनेटला) यूएसबी-इथरनेट अडॅप्टर थेट व्हीएमला पासथ्रू दिलाय. तो आत यूई० दिसतो.

पावसाळ्यात इकडं लाइटचा भरवसा नाही. यूपीएस संपला, मशीन परत चालू झालं, की कधी सगळं सुरळीत, कधी पीएफसेन्स कन्सोलवर ‘इंटरफेस मिसमॅच’ म्हणून थांबतो आणि वॅन कुठलं, लॅन कुठलं विचारत बसतो. मग सकाळी मामांचा फोन: "अरे, ई-वे बिल निघेना, गाडी दारात उभी आहे!"

माझा संशय यूएसबीवर आहे. कॉन्फिगमध्ये इंटरफेसचं नाव साठवलेलं असतं, आणि अडॅप्टर उशिरा जागा झाला तर बूट होताना यूई० सापडतच नाही. पोर्ट बदलून पाहिला, फरक नाही.

आता विचार असा, की पासथ्रू काढून अडॅप्टर होस्टवरच (म्हणजे प्रॉक्समॉक्सवर) व्हीएमबीआर१ या ब्रिजला, म्हणजे आभासी स्विचला, जोडावा आणि व्हीएमला दुसरं व्हर्टआयओ कार्ड द्यावं. म्हणजे आत व्हीटीनेट१ कायम दिसेल. हार्डवेअर चेकसम ऑफलोड (पॅकेटची चेकसम कार्डावर सोपवणं) पीएफसेन्समध्ये बंद ठेवायचं, ते माहीत आहे.

पण होस्टवरही अडॅप्टर उशिरा आला तर ब्रिजला तो आपोआप जोडला जाईल का? त्यासाठी होस्टच्या नेटवर्क कॉन्फिगमधली अलाऊ-हॉटप्लग ही ओळ पुरे, की आणखी काही लागेल? कुणी असं चालवत असेल तर सांगा ओ. नवीन कार्ड घ्या म्हणू नका, पीसीत स्लॉटच रिकामा नाही.